'ट्रायाज'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: पहिल्या महायुद्धातल्या लष्करी इस्पितळांवरचा लेख मराठीत आणतेय. जखमींचा लोंढा आला की कुणाला आधी टेबलावर घ्यायचं हे दारातच ठरवत, तो 'ट्रायाज'. एके ठिकाणी 'प्राधान्यक्रम निश्चिती' सापडलं. वाचून जखमी जवान नाही, तहसील कचेरीतली फाइल डोळ्यांपुढे येते. दुसरा शब्द सुचवाल का? आणि स्ट्रेचरला काय म्हणू?

आडवाट: मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निवडणे, वेगवेगळं करणे. आपण तांदूळ निवडतो ना, तेच. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद डोमिनिक लारे हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायचा. सरळ 'निवड' म्हणा.

पाटीपेन्सिल: निवड म्हटलं की क्रिकेटचा संघ आठवतो. जिची निवड झाली ती व्यक्ती नशीबवान!

मोडीलिपी: 'प्रतवारी' कसा वाटतो? बाजार समितीत रुळलेला आहे.

आडवाट: प्रतवारीत उत्तम माल वर. इथे उलट, ज्याची अवस्था वाईट तो पुढे. तेही एका मर्यादेपर्यंतच. फ्रान्समधल्या ब्रिटिश कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनांत, म्हणजे आघाडीमागच्या लष्करी इस्पितळांत, काहींना लगेच शस्त्रक्रियेला घेत, प्रवास झेपेल त्यांना रेल्वेने मागच्या इस्पितळात धाडत आणि ज्यांची आशा नाही त्यांना वेगळ्या तंबूत ठेवत. तिथे वेदना कमी करणं एवढंच हाती असे. म्हणून 'निवडणे' मला सोडवत नाही, त्यात बाजूला काढणंही आलं. संघनिवडीचा वास नको असेल तर 'जखमींची निवडानिवड' करा. त्या शब्दात मानाचा भाग उरत नाही.

पाटीपेन्सिल: निवडानिवड! घेतला. पहिल्या उल्लेखात 'ट्रायाज' शेजारी ठेवते, पुढे नुसतं निवडानिवड.

घाटमाथा: स्ट्रेचरला 'डोली' हा शब्द तयारच आहे, आणि तो खास लष्करी आहे. कंपनीच्या फौजांत जखमींना उचलणारे डोलीवाले असत. इंग्रजीतही तो शब्द गेला. विलायतेत एका वक्त्याने म्हणे 'क्रूर डोली लोकांनी जखमी सैनिक पळवून नेले' असा गळा काढला होता. गोष्ट सांगोवांगीची असेल, पण झकास आहे. आजही रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतिणीला डोली करून आणल्याच्या बातम्या येतातच. एक अडचण: लग्नातली डोली. हिंदी सिनेमाने तिला पार नटवून टाकलंय.

मोडीलिपी: शिवाय प्रत्येक जखमीच्या नशिबी डोली नव्हती. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांतून नदीकाठी नेलं. मोडलेल्या हाडांचं काय झालं असेल! १९१७च्या चौकशी आयोगाने या वैद्यकीय अनागोंदीवर कडक ताशेरे ओढले. तिथे 'रुग्णवाहिका' लिहू नका, खोटं ठरेल. 'खटारा' लिहा.

पाटीपेन्सिल: आणखी एक. मसुद्यात मी 'सुश्रुषा' लिहिलंय.

आडवाट: शुश्रूषा. दोन्ही श तालव्य, 'श्रू' दीर्घ, शेवटी 'षा'. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छार्थी रूप: ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञा पाळणे, मग सेवा. सुश्रुताचाही धातू तोच, त्यामुळे गल्लत होते. पण प्रत्येक ओळीत शुश्रूषा नको. 'मलमपट्टी केली', 'पाणी पाजलं', 'कूस बदलून दिली' असं जे घडलं ते लिहा.

घाटमाथा: आणि 'घायाळ' जपून. तो आता गझलेत जास्त आणि वॉर्डात कमी दिसतो. इथे 'जखमी'च बरा, फारसीतून आलेला असला तरी.