पाहुण्यांचा इब्सेन: चौथ्या अंकात माझा हात इतक्या सहज वर का गेला?

तिसरी घंटा
सप्टेंबर २०१४ मधे लंडनच्या बार्बिकन थिएटरला बर्लिनच्या शाउब्यूने या नाट्यसंस्थेचं 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल' पाहिलं. दिग्दर्शक थॉमस ऑस्टरमायर. मूळ नाटक नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं, १८८२चं. गाव ज्या औषधी पाण्याच्या स्नानगृहांवर जगतं तेच पाणी दूषित असल्याचं डॉक्टर स्टॉकमनला कळतं आणि त्याचा सख्खा भाऊ, जो नगराध्यक्ष आहे, ते दडपायला बघतो. इथला डॉक्टर तरुण, घरात बँडची तालीम, भिंती काळ्या फळ्यासारख्या, त्यांवर खडूची चित्रं. मजा आली, खोटं कशाला बोलू.

तक्रार आहे चौथ्या अंकाची. इब्सेनचा डॉक्टर भर सभेत म्हणतो की बहुमत कधीच बरोबर नसतं. मग गावठी कुत्रा आणि जातिवंत पूडल यांचा दाखला देऊन माणसांतही तसाच फरक असतो म्हणतो. पोटात गोळा येतो, कारण तोवर आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो. ऑस्टरमायरने हा दाखला गाळून या भाषणात २००७च्या एका जहाल फ्रेंच पत्रकातला मजकूर घातलाय. मग प्रेक्षागृहातले दिवे लावून विचारलं, डॉक्टर कुणाला पटतो? भराभर हात वर. माझाही. कुत्र्यांचा दाखला ऐकून झाला असता तर मी घुटमळलो असतो. गावोगाव नाटक घेऊन फिरता, तर त्यातली खोच तरी शाबूत ठेवा ना.

विंगेतून
तिसरी घंटा, तुमचं अजिबात पटलं नाही. हाच प्रयोग २०१८ला बीजिंगला गेला. त्या सभेत प्रेक्षक उठून तिथल्या माध्यमांवर बोलायला लागले. पुढच्या प्रयोगांतून प्रेक्षकांशी संवाद वगळावा लागला आणि नानजिंगचे प्रयोग 'तांत्रिक कारणांनी' रद्द. लंडनात हात वर करणं सोपं असेल, तर त्यात ऑस्टरमायरचा काय दोष?

आणि मूळ मूळ काय करताय? इब्सेनचंच 'अ डॉल्स हाउस' १८७९चं. पुढच्याच वर्षी जर्मनीत हेडविग नीमन-राबे या नटीने नायिका नोराने नवरा-मुलांना टाकून घर सोडण्याचा शेवट करायला नकार दिला. खुद्द इब्सेनने दुसरा लिहून दिला. त्यात नोरा मुलांना बघून थांबते.

तिसरी घंटा
अहो, त्याच शेवटाला त्याने 'रानटी अत्याचार' म्हटलं होतं, तेही लिहा की. दुसरा कुणी वाट लावेल त्यापेक्षा मीच लिहितो, असा नाइलाज होता तो.

पिटातला
नॉर्वेजियन नाटक, जर्मन नट, डोक्यावर भाषांतराची इंग्रजी पट्टी आणि भांडण मराठीत! ज्या भाषणावरून भांडताय ते तुम्ही वाचलंत, ऐकलं कुठे? असल्या प्रयोगांत पट्टी आधी येते, प्रेक्षक हसतात, मग नट विनोद करतो. त्यापेक्षा १९३३चं 'आंधळ्यांची शाळा' घ्या. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावरून लिहिलं, नाट्यमन्वंतर या संस्थेने केलं. पाहुणे बोलवायची गरजच नाही, नाटकच घरचं करून टाकलं.

विंगेतून
म्हणजे वर्तकांनी केलं ते रूपांतर आणि ऑस्टरमायरने केली ती मोडतोड? बरंय!

बाय द वे, फिरत्या मंडळींना नावं ठेवण्याआधी इब्सेनचंच 'गोस्ट्स' आठवा. स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या थिएटरांनी ते नाकारलं. पहिला प्रयोग झाला १८८२ला थेट शिकागोत. युरोपातला पहिला १८८३ला स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गमधे, ऑगस्ट लिंडबर्गच्या फिरत्या मंडळीचा.

पट्टीचं म्हणाल तर पहिली दहा मिनिटं मान अवघडते, मग डोळा सरावतो. सभेत डॉक्टरवर रंगाचे फुगे फेकतात, तो निथळत उभा. त्यात वाचायचंय काय?

पिटातला
फुग्यांना पट्टी लागत नाही, मान्य. पण अख्खा चौथा अंक म्हणजे भाषण आहे हो.

तिसरी घंटा
फुग्यांवरून शेवट आठवला. इब्सेनचा डॉक्टर शेवटी म्हणतो, जगात सगळ्यांत बलवान तोच, जो सगळ्यांत एकटा उभा राहतो. ऑस्टरमायरकडे त्या जागी नुसतं नवरा-बायको बिअर घेऊन बसलेले. सासऱ्याने त्याच स्नानगृहांचे शेअर घेऊन ठेवलेत, ते कागद समोर. दोघं एकमेकांकडे बघतात आणि अंधार.

हा बदल मला मूळ शेवटापेक्षा आवडला, कबूल. दिवे तेव्हा लावून विचारलं असतं ना, तर माझा हात मांडीवरच राहिला असता. त्यांनी एक अंक आधी विचारलं. तक्रार तेवढी ठेवतो.