ऑटिझम, नैराश्य आणि फ्रीलान्स चित्रकाम: किती कामे घ्यावीत आणि कुणाला किती सांगावे?

रेघोटी (सांगली)

नमस्कार. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षे घरून फ्रीलान्स इलस्ट्रेशन करते. मुख्यतः मुलांच्या पुस्तकांतली चित्रे, मुखपृष्ठे आणि दिवाळी अंकांतल्या कथांची रेखाचित्रे असे कामाचे स्वरूप असते. त्याआधी पुण्यातल्या एका जाहिरात संस्थेत दोन वर्षे नोकरी केली. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट, एकाच हॉलमध्ये चालणारे पाच-सहा जणांचे फोन आणि जेवणाच्या सुट्टीतही गप्पांत सामील होण्याचा आग्रह, यांत संध्याकाळपर्यंत अंगात त्राण उरत नसे. शेवटी नैराश्याने अंथरूण धरले, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी ऑटिझमचीही तपासणी करायला सांगितली आणि सव्विसाव्या वर्षी निदान झाले. ('स्वमग्नता' हा मराठी शब्द मला पटत नाही. बाहेरचे सगळे एकाच वेळी आत घुसते, ही माझी अडचण आहे. त्यात मग्न होण्यासारखे काही नाही. पण कागदावर तोच शब्द आहे.)

चित्र काढण्याचा मला त्रास होत नाही. कथेत जुना वाडा असेल, तर त्याच्या दाराची कडी कशी असेल हे शोधण्यात माझा दिवस जातो आणि तो दिवस चांगला जातो. त्रास होतो तो चित्राभोवतीच्या व्यवहाराचा. फोन वाजला की पोटात गोळा येतो, आणि "चित्र जरा जिवंत करा" असा निरोप आला की नेमके काय बदलायचे हे न कळून मी दोन-दोन दिवस त्याच फाइलपुढे बसून राहते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवाळी अंक आणि एक चोवीस पानी पुस्तक एकदम घेतले. सगळे सप्टेंबरअखेर वेळेत दिले, आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत हातात पेन्सिल धरवली नाही. एका ठिकाणचे मानधन अजून आलेले नाही.

काम देणाऱ्यांना निदान सांगावे का? आणि किती काम पेलेल, हे आधी कसे ओळखावे? घरच्यांचे म्हणणे असे की दिव्यांग आरक्षणातून सरकारी परीक्षा द्यावी आणि चित्रे रविवारी काढावीत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली तेव्हा गल्लीभर पेढे वाटणारे हेच लोक आहेत, हे जाता जाता नोंदवते.

शाईचा डाग (नाशिक)

मी चौदा वर्षे हेच काम करते. माझे निदान मुलाच्या निदानानंतर, अडतिसाव्या वर्षी झाले, त्यामुळे पहिली नऊ-दहा वर्षे तुम्ही सांगता त्याच चक्रात काढली. तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला वेगळी मांडावीशी वाटते. ऑक्टोबर ते जानेवारी तुम्ही काम केले नाही असे तुम्ही म्हणता. पण ते चार महिने ऑगस्ट-सप्टेंबरच्या कामातच गेले, फक्त त्यांचे पैसे तुम्ही कुणाकडे मागितले नाहीत. त्या दोन महिन्यांत मिळालेली एकूण रक्कम दोनाने भागू नका, सहाने भागून पाहा. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर आहे, आणि बहुधा तो पाहून तुम्हाला राग येईल.

मी आता असे करते. चोवीस पानी चित्रपुस्तक म्हणजे साधारण बारा जोडपाने. एका जोडपानाला रफपासून फायनलपर्यंत मला तीन दिवस लागतात. त्यावर दुरुस्त्यांचे दिवस, आणि त्यानंतर तीन आठवडे रिकामे. हे तीन आठवडे वहीत पुस्तकाच्या नावानेच लिहिलेले असतात आणि त्यांचा खर्च मानधनात धरलेला असतो. कुणी विचारले तर "त्या तारखांना मी कामात आहे" एवढेच सांगते, आणि ते खोटे नाही. सुरुवातीला वाटले की या दराने कुणी काम देणार नाही. दोघांनी खरोखरच दिले नाही. त्यांतल्या एकाचे काम घेतले असते तर मी आजारी पडले असते, हे त्यांच्याकडे गेलेल्या माझ्या मैत्रिणीकडून कळले.

आता "जिवंत करा" या निरोपाविषयी. याचा अर्थ ओळखण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. असा निरोप आला की अंगठ्याएवढी तीन रफ चित्रे काढून त्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवते: एकात पात्राची हालचाल वाढवलेली, दुसऱ्यात रंग उजळ केलेले, तिसऱ्यात प्रसंग अगदी जवळून दाखवलेला. खाली एकच प्रश्न असतो: "यांपैकी कोणते?" एका पुस्तकात आजी जिवंत वाटत नाही, अशी तक्रार होती. मी तिन्ही पाठवली आणि संपादकांनी तिन्ही नाकारली. पण नाकारताना त्यांनी लिहिले की चुलीपुढे बसलेल्या बाईचा पदर इतका इस्त्री केल्यासारखा कसा? मी पदर खोचला, त्यावर राखेचा एक डाग काढला आणि काम पाच मिनिटांत संपले. त्यांनाही काय खटकते आहे हे चुकीचे चित्र समोर येईपर्यंत ठाऊक नव्हते. ही अडचण आपल्या मेंदूची नाही. मोघम बोलण्याची सवय सगळ्यांनाच आहे, फक्त आपल्याला त्याची किंमत जास्त पडते.

जुळारी

मी एका छोट्या दिवाळी अंकाचे संपादन करतो, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. ऑगस्टमध्ये सगळे एकदम अंगावर येते याला आम्हीही जबाबदार आहोत. लेखक कथा उशिरा देतात, आम्ही त्यांना दुखवत नाही, आणि उरलेल्या दिवसांचा सगळा ताण चित्रकाराच्या माथी मारतो. तुम्ही जूनमध्येच कळवा की अमुक तारखेपर्यंत कथा हाती आली तरच चित्र मिळेल. आमच्या अंकासाठी एक चित्रकार असे करतात आणि त्यांच्या कथा आम्ही निमूटपणे आधी मागवतो.

निदानाबद्दल अप्रिय वाटेल असे स्पष्ट सांगतो. तुम्ही पहिल्याच पत्रात ते लिहिले, तर मी मनात काही वाईट न ठेवताही, तुम्हाला त्रास नको म्हणून, अवघड कथा दुसऱ्याकडे देईन; आणि तुमचे काम गेले हे तुम्हाला कळणारही नाही. मला उपयोगी पडते ते वेगळे आहे: "मी फोनवर बोलत नाही, ईमेलला दोन दिवसांत उत्तर देते, दुरुस्त्या दोन वेळा करते, त्यापुढे वेगळे मानधन." याचे कारण मी कधीही विचारलेले नाही. 'मानधन' या शब्दातला मान आमच्याकडून लगेच मिळतो आणि धन पुढच्या दिवाळीपर्यंत रेंगाळते, हा आरोप मात्र मला मान्य आहे. निम्मी रक्कम आगाऊ मागत जा.

थरथर

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. मला ऑटिझम नाही, बायपोलर (मनःस्थितीच्या टोकाच्या चढ-उतारांचा आजार) आहे, आणि मी कॉमिक्स व स्टोरीबोर्ड करतो. पहिल्या कामात मीही काही सांगत नाही. पण तीच व्यक्ती दुसरे काम घेऊन आली की सांगतो. एकाने त्यानंतर संपर्क तोडला, दोघे सात वर्षे टिकून आहेत. न सांगता काम करताना माझी निम्मी शक्ती सगळे ठीक आहे हे दाखवण्यात जात असे, आणि ती कुठल्याही बिलात लिहिता येत नाही.

औषधांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मला लिथियम सुरू झाल्यावर हाताला बारीक कंप आला. केसासारखी सलग रेघ ही माझी ओळख होती आणि ती करवतीसारखी दातेरी उमटू लागली, तेव्हा गोळ्या थांबवण्याचा विचार मी गंभीरपणे केला होता. डॉक्टरांना "हात थरथरतो" असे दोनदा सांगितले होते, पण त्यांना त्याचे गांभीर्य पोहोचले नव्हते. तिसऱ्या वेळी आधीचे आणि नंतरचे अशी दोन चित्रे शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी रक्ततपासणी करून मात्रा बदलली आणि कंप बराच कमी झाला. तोपर्यंत टॅब्लेटवर रेघ स्थिर करणारी सोय वापरून आणि मनगटाऐवजी कोपरातून मोठ्या आकारात रेखाटून काम निभावले. औषध आपल्या मनाने मात्र थांबवू नका. आणि रात्री फार वाईट विचार येऊ लागले, तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. फोनची भीती असणाऱ्याला फोन करायला सांगणे विचित्र आहे, याची मला कल्पना आहे. माझ्या वतीने माझ्या बहिणीने लावला होता.

जमाखर्च (ठाणे)

मी करसल्लागार आहे, म्हणून कागदांपुरते लिहितो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि मानसिक आजार दोन्ही आहेत. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तरच आरक्षणाचा लाभ मिळतो. सरकारी नोकरीत एकूण ४ टक्के जागा असल्या, तरी ऑटिझमच्या वाट्याला येणारा १ टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासोबत वाटून घ्यावा लागतो, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही. प्रमाणपत्र काढले म्हणून नोकरीच करावी लागते असेही नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत त्यावर ७५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे.

थकलेल्या पैशांसाठी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. ती विनामूल्य आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला, करारात काहीही लिहिले असले, तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. काम घेण्याआधी नोंदणी हवी, नंतरची उपयोगाची नाही.

स्वामित्वहक्काबाबत चित्रकारांचा एक गोड गैरसमज असतो की चित्र माझे, म्हणून हक्कही माझा. १९५७ च्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाते. तेव्हा "मूळ चित्र व स्वामित्वहक्क चित्रकाराकडे, या आवृत्तीपुरता वापर मान्य" ही ओळ ईमेलमध्ये लिहा आणि "मान्य आहे" असे उत्तर आल्यावरच पेन्सिल उचला. तुम्हाला फोन नकोच आहेत, हे इथे तुमच्या पथ्यावर पडते. तुमच्याकडे सगळे लेखी असणार.

रेघोटी (सांगली)

सगळ्यांचे आभार. हिशेब करून पाहिला. ऑगस्ट-सप्टेंबरचे ७८,००० रुपये मी दरमहा ३९,००० असे समजत होते. सहाने भागल्यावर दरमहा १३,००० आले, तेही थकलेली रक्कम मिळाली असे धरून. राग आला, हे खरे.

यंदा एकच दिवाळी अंक घेणार आहे आणि १५ जुलैपर्यंत कथा हवी असे त्यांना कळवले आहे. निदानाचे सध्या कुणाला सांगणार नाही, फक्त फोनची ओळ सहीखाली कायमची टाकली आहे. गेल्या वर्षी उद्यम नोंदणी नव्हती, त्यामुळे त्या थकबाकीसाठी साधेच स्मरणपत्र पाठवावे लागेल. मसुदा लिहायला घेतला की मी एकतर माफी मागते किंवा फार तुटक लिहिते. उद्या इथे टाकला, तर जुळारी किंवा जमाखर्च, आपल्यापैकी कुणी तो वाचून द्याल का?