उंच माणसाची पहिली छोटी बाईक: तुमचा अनुभव काय?

माझी उंची सहा फूट तीन इंच. बाईक शिकायची आहे, आणि भेटेल तो दोनपैकी एक सल्ला देतो. "तू एवढा ताडमाड, छोट्या गाडीवर कसा दिसशील? थेट ५०० सीसीच्या पुढची घे." नाहीतर, "शिकायचंय ना? मग १५० च्या वर बघूच नकोस." दोन्ही सल्ले देणाऱ्यांच्या पँटा दुकानात मापाच्या मिळतात, माझी कधीच मिळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांचे पाय लांब आहेत आणि ज्यांनी छोट्या गाडीवर सुरुवात केली त्यांनी लिहा.

उंचीबरोबर पायाची लांबीही सांगा. सहा फुटांच्या दोन माणसांत एकाची उंची पाठीत असते, दुसऱ्याची पायांत. मोजायचं असं: अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभं राहा, जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये थेट जांघेपर्यंत वर सरकवा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. माझी भरते ९१ सेंटिमीटर. कुठली गाडी घेतली, कुठे दुखलं, काय बदललं, सगळं चालेल. गाडी 'शोभते' की नाही, तो विषय मात्र नको.

६ फूट २ इंच, पाय ८८ सेंमी

माहितीपत्रकात सीटची उंची ठळक छापलेली असते. तो आकडा आपल्या कामाचा नाही. पाय जमिनीला पोचतो का, एवढंच तो सांगतो, आणि आपला पोचतोच. आपल्याला हवं असतं सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर, आणि ते सहसा कुठे छापलेलं नसतं. दोन गाड्यांची सीट ८०० मिलीमीटरवर असेल, पण एकीचे फूटरेस्ट वळणावर घासू नयेत म्हणून वर आणि मागे घेतलेले, दुसरीचे खाली आणि पुढे. पहिलीवर गुडघा इतका दुमडतो की थोड्या वेळात मांडी आखडते. दुसरीवर दिवसभर बसा.

शोरूममध्ये जाताना टेप घेऊन जायचो. विक्रेते हसायचे, हसू देत. सीटचा सगळ्यात खोल भाग ते फूटरेस्टचा वरचा भाग, एवढं मोजायचं. मग गाडी डबल स्टँडवर घ्यायची (नसेल तर कोणालातरी धरायला लावायची), दोन्ही पाय फूटरेस्टवर, दोन्ही हात हँडलवर, आणि विक्रेत्याशी पंधरा-वीस मिनिटं गप्पा. एक पाय जमिनीवर ठेवून बसलात तर काहीही कळत नाही. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. गुडघ्याला लागलं तर ती गाडी यू-टर्नमध्ये तुम्हाला पाडणार.

सायकल-एर्गो नावाच्या संकेतस्थळावर उंची आणि पायाची लांबी टाकली की बऱ्याच गाड्यांवर तुम्ही कसे बसाल ते चित्रात दिसतं, गुडघ्याचा कोनही येतो. यादी छोटी करायला बरं आहे. त्यावरून गाडी मात्र घेऊ नका, सीटचा फोम किती दबतो हे चित्राला माहीत नसतं.

५ फूट ११ इंच, पाय ८६ सेंमी

मी बाई आहे. आमच्यात एवढी उंची म्हणजे लोक आधी उंचीच बघतात, मग माणूस. दुकानात गेले की मला आपोआप स्कूटरकडे नेलं जायचं. स्कूटरवर माझे गुडघे पुढच्या पत्र्याला टेकतात आणि वळताना हँडल गुडघ्यावर येतं, हे बसून दाखवल्यावर मग मोटरसायकलींच्या रांगेकडे मोर्चा वळायचा. तिथेही "मॅडम, ही जड पडेल."

एका गोष्टीत मात्र ते बरोबर होते. पाय जमिनीवर सपाट टेकतात म्हणून गाडी हलकी होत नाही. पार्किंगमध्ये मागे ढकलताना, उतारावर वळवताना, कलती गाडी सावरताना किलोच मोजले जातात, इंच नाहीत. मी १६० किलोच्या आतली एक्सपल्स २०० घेतली. सीट ८२५ मिलीमीटर. क्लच कुठे पकडतो, एवढंच आधी महिनाभर रिकाम्या मैदानात करत होते. पाय दोन्ही बाजूंनी टेकत असल्यामुळे भीती लवकर गेली, हा आपला खरा फायदा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

६ फूट ४ इंच

गुडघ्यांचं सगळे सांगतील. मी पायांच्या पंजांचं सांगतो. माझा बूट १३ नंबरचा. वरचा गिअर टाकायला गिअरच्या दांडीखाली बूट घुसवावा लागतो, आणि तो घुसतच नव्हता. घोटा वाकडा करून गिअर टाकायचो, दरवेळी क्लच अर्धा सुटायचा, शिकवणारा म्हणायचा याला क्लच कळत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने न विचारता गिअर-लिव्हरचा बोल्ट सैल केला, दाते असलेल्या दांड्यावरून लिव्हर काढली, एक दाता वर बसवली, बोल्ट आवळला. पैसेही घेतले नाहीत. त्या दिवसापासून क्लच कळायला लागला.

मागच्या ब्रेकचं पायडलही थोडं वर-खाली करता येतं. फक्त नंतर पायडलला मोकळी चाल उरली आहे का आणि मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का, हे बघून घ्या.

६ फूट १ इंच, पाय ८४ सेंमी

माझं उलटं आहे. पाय बेताचे, पाठ लांब. गुडघ्यांना कधीच त्रास नाही, मनगटं आणि कंबर बोंबलायची. हँडल वर हवं होतं. तेवढंच.

६ फूट ५ इंच, पाय ९६ सेंमी

वरच्या सगळ्यांपेक्षा मी उंच आहे, आणि माझं मत असं की नवशिक्या उंच माणसाला जी गाडी मिळते ती इतरांना मिळतच नाही. मातीत आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालणाऱ्या हलक्या गाड्या बघा. होंडाची सीआरएफ ३०० एल, सीट ८८० मिलीमीटर, वजन १४२ किलो. मध्यम उंचीच्या नवशिक्याला सिग्नलला पंजाच्या टोकावर उभं राहावं लागेल, तो बिचारा हिच्या वाटेला जाणार नाही. मी टाच टेकवून उभा असतो. फूटरेस्ट सीटपासून लांब, हँडल रुंद आणि वर, टाकी अरुंद. ताकद बेताची, म्हणजे ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला तरी गाडी अंगावर येत नाही. उंच गाडी म्हणजे मोठं इंजिन असं आपल्या डोक्यात का बसलंय कोण जाणे.

तोटे आहेत. असल्या गाड्यांची सीट फळकुटासारखी अरुंद असते, लांबच्या प्रवासात बूड दुखतं. सामान बांधायला जागा कमी. आणि उभं राहून चालवायची हौस असेल तर आपल्या उंचीला हँडल तरीही खालीच पडतं.

६ फूट, पाय ८७ सेंमी

क्रूझरबद्दल, म्हणजे बुटक्या सीटच्या, आरामात बसायच्या गाड्यांबद्दल, कोणीच लिहिलं नाही म्हणून. मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलीमीटर, म्हणजे कागदावर आपल्यासाठी बाद. प्रत्यक्षात फूटरेस्ट पुढे असल्यामुळे पाय पसरतात आणि गुडघा छान उघडा राहतो. मात्र क्रूझर दिसणाऱ्या प्रत्येक गाडीचे पाय पुढे नसतात. होंडा रेबेल ५०० ची सीट ६९० आहे आणि फूटरेस्ट मधल्या जागी. तिच्यावर आपण बसलो की मोठ्या माणसाला बालवाडीच्या खुर्चीत बसवल्यासारखे गुडघे छातीकडे येतात. पाय पुढे असले की सगळं वजन माकडहाडावर जातं, खड्डा आला की पायांवर उचलून घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि मिटिऑरचे १९१ किलो हे शिकताना कमी नाहीत.

धागा काढणारा

छान चाललंय. एक विचारायचं राहिलं, माझं वजन ९६ किलो आहे. छोट्या गाडीच्या मागच्या शॉकअपचं काय होतं?

६ फूट ३ इंच, पाय ९० सेंमी, वजन तुमच्याहून जास्त

दबतात. मागचा भाग खाली बसला की पुढचं चाक हलकं पडतं, वळताना गाडी आळशी वाटते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बहुतेक छोट्या गाड्यांना मागच्या स्प्रिंगखाली पायऱ्यांची गोल कडी असते. हुकाचा पाना लावून ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी वर राहते. दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच पायरीवर हवेत. गाडी किती भार घेऊ शकते ते पुस्तिकेत असतं. मागे कोणी बसणार असेल तर आधी तो आकडा वाचा, कारण एकटे आपणच त्यातला मोठा वाटा खातो.

बदल करायचे तर फुकटचे आधी करा. हँडलचे बोल्ट सैल करून ते थोडं मागे-पुढे फिरवा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर अशा कलवा की हात सरळ ठेवून बोटं टाकली तर मनगट वाकू नये. एवढ्यानेच माझा अर्धा त्रास गेला. त्यानंतर सीटचा फोम वाढवणं, अडीच-तीन सेंटिमीटर. गुडघा मोकळा होतो, पण तुम्ही वर गेल्याने हँडल तितकंच खाली जातं आणि कंबर वाकते, मग हँडलखाली रायझर, म्हणजे ते वर उचलणारा ठोकळा, घालावा लागतो. रायझर लावल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात्येय. ब्रेकची नळीही बघा. ही तपासणी न करता गाडी देणारे लोक आहेत.

फूटरेस्ट खाली आणणारे तयार ब्रॅकेटही मिळतात. वळणावर तितकीच जागा कमी होते हे मान्य असेल तर लावा. वेल्डिंग करून खाली आणून देतो म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका, त्यावर तुमचं पूर्ण वजन उभं असतं.

६ फूट २ इंच

हँडलसमोरची काच! छोटी काच म्हणजे आपल्याला शापच. मध्यम उंचीच्या माणसाच्या डोक्यावरून जाणारी हवा नेमकी आपल्या हेल्मेटवर येऊन आदळते, डोकं थडथडतं, कान भणाणतात. मी काच काढूनच टाकली. आता वारा छातीवर येतो, पण सलग येतो. टेस्ट राइड गल्लीत घेऊन हे कळत नाही, वेग ७०-८० च्या घरात जावा लागतो.

५ फूट १० इंच, स्वतःला उंच म्हणवत नाही

माझा भाऊ सहा फूट चार. त्याने एक शहाणपणा केला. शिकायची गाडी आणि घ्यायची गाडी वेगळी ठेवली. शिकला काकांच्या जुन्या १०० सीसीवर, गुडघे हँडलच्या बाहेर काढून. लोक हसले, तोही हसला. पण हलकी गाडी, बंद पडली तर किक मारायची, आपटली तर आणखी एक ओरखडा. क्लच, ब्रेक, हळू वेगात तोल सांभाळणं, सगळं तिथे झालं. त्या गाडीवर तो कधी लांब गेलाच नाही, त्यामुळे गुडघे दुखायचा प्रश्नच आला नाही. हात बसल्यावर मग हिमालयन ४५० घेतली, जिची सीट ८२५ वरून ८४५ वर करता येते. १९६ किलोची ती गाडी पहिल्याच दिवशी घेतली असती तर पार्किंगमध्येच वैतागला असता. तुम्हाला कोणाची जुनी गाडी मिळत असेल तर मागून घ्या, तेलपाणी आपल्या खर्चाने करा.

धागा काढणारा

हे डोक्यातच आलं नव्हतं. शेजाऱ्यांची १२५ पडून असते, विचारतो. सीटचा फोम वाढवला तर मागे बसणाऱ्याचं काय होतं? बायको आधीच म्हणते की तुझ्या मागे बसलं की फक्त पाठ दिसते.

६ फूट ३ इंच, पाय ९० सेंमी

सलग सपाट सीट असलेली गाडी बघा. पायरीची सीट असेल तर आपल्याला मागे सरकताच येत नाही, पायरी कमरेला अडते आणि गुडघे टाकीवर चढतात. सपाट सीटवर आपण मागे सरकतो, पण सरकतो ते वहिनींच्या जागेत. फोम फक्त पुढे वाढवला तर त्या खाली राहतील आणि तुमची पाठ आणखी मोठी दिसेल. दोन्हीकडे वाढवून घ्या. सीट करायला टाकाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या, मागे बसवून माप घ्यायला सांगा.