अंडा भरलेला बन घरी करायचाय, ओव्हन नाही, सकाळी साडेसहाला लेकरं क्लासला जातात – कसं जमवावं?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. दिराची दोन लेकरं गावाकडून नीटच्या क्लाससाठी आमच्याकडं राहायला आलीत, लातूरला असं घराघरात एखादं लेकरू असतंच. सकाळी साडेसहाला घर सोडतात. पोहे-उपमा खाऊन गेली की नऊला परत भूक, मग क्लासच्या बाहेर गाड्यावर काहीतरी तेलकट खातात. दोघांनाही अंडं लई आवडतं, आणि बेकरीत जो मऊ बन मिळतो ना आत मसाला अंडं भरलेला, हातात धरून खाता येतो, सांडत नाही, तसा घरी करावा म्हणते.

माझ्याकडं ओव्हन नाही. गॅस, कुकर, जाड लोखंडी तवा, एक जर्मनचं मोठं पातेलं आणि फ्रीज एवढंच. भाकरी-पोळीचा हात चांगला आहे पण यीस्टचं पीठ अजून मळलेलं नाही. मला विचारायचंय की आत अंडं कच्चं ओततात का शिजवून भरतात, रात्री पीठ मळून ठेवलं तर ह्या मे महिन्याच्या गरमीत सकाळपर्यंत आंबून वास मारेल का, आणि तव्यावर केला तर खालून करपून आतून कच्चा राहू नये म्हणून काय करायचं. अजून एक, सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी त्याच पिठात काही वेगळं करता आलं तर बरं होईल. जरा सविस्तर सांगा, माप सांगितलं तर फारच बरं.

औरंगपुरा किचन (संभाजीनगर)

ताई, बंद बनमध्ये अंडं शिजवूनच भरायचं, कच्चं ओतायचं नाही. कच्चं अंडं पातळ असतं, बन मिटवताना कडेला लागलं की तिथं पीठ चिकटतच नाही आणि भाजताना तिथूनच बाहेर येतं. शिवाय बाहेरचा पाव होईपर्यंत मधलं अंडं शिजलंय का नाही हे तुम्हाला दिसत पण नाही.

पिठाचं माप असं घ्या, साधारण ८ बन होतात. ३०० ग्रॅम मैदा (निम्मी कणीक घातली तरी चालतं, फक्त पाणी दोन-तीन चमचे जास्त लागतं आणि बन थोडा जड होतो), १ मोठा चमचा साखर, १ छोटा चमचा मीठ, २ मोठे चमचे तेल, आणि दूध-पाणी मिळून १८० ते १९० मिली. इन्स्टंट यीस्ट लगेच करणार असाल तर १ छोटा चमचा भरून. पीठ पोळीच्या पिठापेक्षा सैल पाहिजे, हाताला थोडं चिकटेल असं, आणि इथंच पोळी करणाऱ्या बाया घाईनं अजून मैदा घालतात आणि बन दगड होतो. मैदा घालू नका, हाताला तेल लावा आणि १० मिनिटं मळत राहा, चिकटपणा आपोआप जातो. छोटा गोळा घेऊन दोन्ही हातानं हळू ताणून बघा, पातळ पडद्यासारखा झाला आणि फाटला नाही तर झालं मळून.

सारण म्हणजे आपली भुर्जीच पण कोरडी, एकदम कोरडी. ह्याच्यावरच सगळं आहे बघा. ५ अंडी, २ कांदे, हिरवी मिरची, लसूण, हळद, कोथिंबीर. टोमॅटो नको, घालायचाच असेल तर बिया काढून तेल सुटेपर्यंत परता. कांदा आधी मीठ घालून परतायचा म्हणजे त्याचं पाणी कढईतच उडून जातं, नाहीतर तेच पाणी नंतर बनमध्ये सुटतं. आणि अंडं घातल्यावर मंद आचेवर फिरवायचं, मोठ्या आचेवर भुर्जी रबरासारखी होती आणि आत दाबून धरलेलं पाणी बाहेर टाकती. शेवटी १ मोठा चमचा शेंगदाण्याचं बारीक कूट आणि अर्धा चमचा घरचा काळा मसाला. कूट उरलेला ओलावा ओढून घेतं आणि चव तर अशी येती की बेकरीचा बन विसरून जातील लेकरं. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं की वाफेनं आतलं पीठ गिचका होतं.

जालना बेकरी लाईन

मी भट्टीवर काम केलेलं आहे म्हणून गरमीचं सांगतो. पीठ मळल्यावर त्याचं स्वतःचं तापमान २५-२६ च्या आसपास असलं की छान चालतं. आपल्याकडं मे महिन्यात किचनमध्ये ३८-४० असतंय, पिठाचा डबा पण तापलेला, नळाचं पाणी तर टाकीतून कढत येतं. पुस्तकात आणि व्हिडिओत कोमट पाणी घ्या म्हणतात ते थंड मुलखासाठी. तुम्ही माठातलं पाणी घ्या, दुपारी मळत असाल तर फ्रीजचंच घ्या. इन्स्टंट यीस्ट सरळ मैद्यात मिसळायचं. दाणेदार यीस्ट असेल (ॲक्टिव्ह ड्राय) तर मात्र थोड्या कोमट पाण्यात साखर घालून १० मिनिटं ठेवायचं, वर फेस आला तर जिवंत आहे, नाही आला तर फेकून द्या, पीठ वाया घालू नका. पाणी बोटाला चटका बसेल एवढं गरम असेल तर यीस्ट मरतंय.

रात्री ठेवायचं असेल तर बाहेर ठेवूच नका. उन्हाळ्यात पीठ ४० मिनिटात दुप्पट होतंय, रात्रभर ठेवलं तर दारूसारखा वास येतो आणि पीठ सैल पडून ताणच राहत नाही. रात्रीसाठी यीस्ट पाव चमचाच घ्या, मळा, २०-२५ मिनिटं बाहेर आणि मग तेल लावलेल्या झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. डबा मोठा घ्या, पीठ फुगून झाकण उडवतंय. फ्रीजमध्ये हळूहळू आंबतंय आणि चव उलट चांगली येती. ८-१० तास निवांत राहतंय, १२ झाले तरी काही बिघडत नाही.

आता तव्याचं. खरं सांगू का ताई, भरलेल्या बनला कढई-पातेल्यात बेक करायच्या भानगडीत पडू नका. पातेल्यात मीठ घालून वर स्टँड ठेवून बेक करतात ते होतंय, पण वरून आच नसती त्यामुळं वरचा भाग पांढराच राहतोय, खालचा लाल होतोय, आणि २५-३० मिनिटं गॅस जळतोय. कुकरमध्ये करतात तेव्हा शिट्टी आणि रबर दोन्ही काढावं लागतं, आणि कोरडा कुकर रोज तापवला की त्याची वाट लागती. तुमचा लोखंडी तवा सगळ्यात भारी.

६० ग्रॅमचा गोळा घ्या, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. हातावरच थापा, कडा पातळ आणि मधोमध जाड ठेवा, कारण सगळ्या कडा वर येऊन एकाच जागी जमा होतात. मध्ये दीड-दोन चमचे सारण, पुरणपोळीसारखा मिटवा, चिमटी घट्ट पिळा, कडेला तेल किंवा सारण लागू देऊ नका. चिमटीची बाजू खाली करून हलकासा दाबा, दीड बोट उंची राहू द्या. मग ओल्या फडक्याखाली २० मिनिटं, फ्रीजमधलं पीठ असेल तर ४० मिनिटं. बोटानं हलकं दाबलं आणि खळगा हळूहळू भरून आला की तव्यावर टाकायचा. पटकन वर आला तर अजून थांबा. तवा मध्यम तापवून मग आच बारीक करायची, बन ठेवायचा, वर खोलगट झाकण. ६-७ मिनिटं, उलटायचा, परत ५-६ मिनिटं. झाकणामुळं वाफ आत राहती आणि पाव फुगतोय, कच्चा राहत नाही. शेवटी झाकण काढून दोन्हीकडून थोडं तूप लावून रंग आणा.

येसर आमटी (बीड)

वरचं सगळं बरोबर आहे पण मला भुर्जीपेक्षा उकडलेलं अंडं भरलेला बनच आवडतो. भुर्जीचा बन सगळीकडं एकसारखा लागतो, उकडलेलं अंडं असलं की कापल्यावर पिवळं दिसतं आणि लेकरांना पण मजा वाटती. अंडी १० मिनिटं उकडायची, लगेच गार पाण्यात टाकायची म्हणजे पिवळ्याभोवती हिरवट कडा येत नाही. ताजी गावरान अंडी सोलताना साल चिकटती, चार-पाच दिवसाची असतील तर सोपी सोलतात. अर्धं अंडं घ्यायचं, कांद्याचा कोरडा मसाला करून त्याला चोपडायचा, आणि पिठाच्या पारीवर आधी कोरडी खोबऱ्याची लसूण चटणी पसरायची, तिच्यावर अंडं. चटणीमुळं पारी ओली होत नाही आणि झणका पण येतो. आमच्याकडं चटणीशिवाय चालत नाही.

सासूबाईंचं म्हणाल तर त्याच पिठात उकडलेल्या बटाट्याची कोरडी भाजी किंवा मेथी-दाळव्याचं सारण भरा. त्यांचे आधी भाजून घ्यायचे, मग तव्यावर अंड्याचे. वाटी-चमचा पण आधी त्यांचा. असं केलं की दोन तवे लागत नाहीत आणि त्यांनाही बरं वाटतं. बनवर अंड्याचा हात फिरवतात बेकरीत, तो तुम्ही फिरवू नका, दूध लावा.

गोदाकाठचा (परभणी)

काऊन एवढा कुटाणा, ज्या दिवशी पीठ मळायला वेळ नाही त्या दिवशीचं सांगतो. आमच्या घरी अंडा पोळी होती. नेहमीची कणीक, घडीची पोळी लाटायची, जरा जाडसर. तव्यावर एक बाजू शेकली, उलटली, फुगायला लागली की सुरीच्या टोकानं कडेला दोन बोटं फाडायची आणि तिथून एक फेटलेलं अंडं (कांदा एकदम बारीक, मिरची, मीठ) वाटीच्या चोचीतून आत ओतायचं. लगेच पोळी थोडी तिरकी करायची म्हणजे अंडं आत सगळीकडं पसरतं. चीर वरच्या बाजूला ठेवून बारीक आचेवर उलटत-पलटत भाजा, दोन्ही बाजूला तेल. अंडं आत धरलं की पोळी हाताला घट्ट लागती, लचकत नाही, तेव्हा समजायचं शिजलं. इथं कच्चं ओतलं तरी चालतं कारण पोळी पातळ आहे, आच लगेच आत पोचती. फक्त पोळी फुगली पाहिजे, घडी घालताना आत तेल आणि चिमूटभर पीठ भुरभुरलं तर हमखास सुटती. १० मिनिटात काम होतंय, गुंडाळून हातात दिलं की लेकरू चालत-चालत खातंय.

मांजराकाठ (लातूर)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, लई आभार. बटाट्याचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणल्या मेथीचेच कर. आता एक विचारते. पहाटे उठून पीठ फ्रीजमधून काढायचं, भरायचं, ४० मिनिटं ठेवायचं आणि भाजायचं म्हणजे मला साडेचारला उठावं लागंल. त्यापेक्षा रात्रीच भरून फ्रीजमध्ये ठेवले आणि सकाळी नुसते भाजले तर? आणि डब्यात दोन-दोन दिले तर नऊ वाजेपर्यंत राहतील का?

जालना बेकरी लाईन

भरून कच्चे ठेवू नका ताई. सारण कितीही कोरडं असलं तरी रात्रभरात पीठ त्याचं पाणी पितंय आणि खालची चिमटी सुटती. त्यापेक्षा संध्याकाळी स्वयंपाकाबरोबरच पूर्ण भाजून ठेवा, जाळीवर गार करा (ताटात ठेवले तर खाली घाम येतो), आणि तासाभराच्या आत डब्यात घालून फ्रीजमध्ये. सकाळी तव्यावर थोडं पाणी शिंपडून झाकण ठेवून बारीक आचेवर ४-५ मिनिटं, आतपर्यंत चांगला गरम झाला पाहिजे. ताज्यासारखाच मऊ होतोय. असे दुसऱ्या दिवशीपर्यंतच खायचे, साठवून ठेवायचे नाहीत.

डब्याचं मात्र मी नाही म्हणेन. शिजलेलं अंडं बाहेर दोन तासाच्या वर ठेवू नये असं सांगतात, आणि कडक उन्हाळ्यात तर तासाभराच्या वर नको. पत्र्याच्या शेडमध्ये बॅग पडलेली असती, त्यात डबा. अंड्याचा बन घरून खाऊनच जाऊ द्या, डब्यात मेथीचा किंवा लसूण चटणीचा द्या.

औरंगपुरा किचन (संभाजीनगर)

हेच लिहायला आले होते. आणि ताई, कधी इकडं आलात तर येताना भट्टीवरचे नान घेऊन जा. नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) मधले नान, मोहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्या लष्करासाठी हे जेवण सुरू झालं असं इथं सांगतात. जाड, मऊ, वरून पिवळसर चमक असलेला नान असतो. आमच्या घरी आदल्या दिवशीचा उरलेला नान सकाळी मधून आडवा चिरतात, पुस्तकासारखा उघडतात. तव्यावर दोन अंड्यांचं पातळ ऑम्लेट पसरायचं आणि वरची बाजू ओलसर असतानाच उघडलेला नान त्याच्यावर पालथा दाबायचा. अंडं नानला चिकटतं. मग उलटून मिटवायचा, दोन्ही बाजूंनी झाकण ठेवून शेकायचा, आत पुदिन्याची चटणी. लातूरला नान नाही मिळाला तर बेकरीचा जाड गोल पाव घ्या, लादीपाव पण चालतो, फक्त ताजा नको, आदल्या दिवशीचा घ्या. ताजा पाव अंडं लागलं की दबून बसतो.

मांजराकाठ (लातूर)

ठरलं मग. आज संध्याकाळी माठाच्या पाण्यात पीठ मळते, अर्धे मेथी-दाळवं, बाकीच्यातले दोन येसर ताईंच्या पद्धतीनं उकडलेल्या अंड्याचे, उरलेले भुर्जीचे. मेथीचे आधी. गोदाकाठच्या भाऊंची पोळी रविवारी, त्या दिवशी क्लास आठला असतो. यीस्ट दुकानात दाणेदार मिळालंय, पाव चमचाच घेऊ ना दोन्हीला?

जालना बेकरी लाईन

आज संध्याकाळीच भाजणार असाल तर पाव चमच्यानं उशीर होईल. दाणेदार आहे तर सव्वा छोटा चमचा घ्या, आधी पाण्यात फेस काढून. ते पाणी १८० मिलीमधलंच धरा, वेगळं नको, आणि बाकीचं पाणी-दूध गार घ्या. पीठ फुगायला टाकलं की अर्ध्या तासानं झाकण उघडून एकदा बघा, विसरू नका, तुमच्याकडं आज ४१ आहे.