शब्दचर्चा: ‘डेथ सीन’वर सर्वात आधी पोहोचणाऱ्यांसाठी मराठी शब्द

कोरा कागद:
आमच्या तालुक्यात पोलीस पाटील, आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी शिकवून तयार केलेले स्वयंसेवक), 108 रुग्णवाहिकेवरचे चालक आणि नगरपरिषदेच्या अग्निशमन दलातली मुलं अशा सगळ्यांचं मिळून एक दिवसाचं प्रशिक्षण ठरलं आहे. कुणी मरण पावलेलं आढळलं तर पोलीस आणि डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, काय करायचं नाही, एवढाच विषय. हातात द्यायचं टिपण मराठीत करण्याचं काम माझ्याकडे आलंय. जो मसुदा मिळाला त्यातलं पहिलं वाक्य असं: ‘प्रथम प्रतिसादकांनी मृत्यू-दृश्य अन्वेषणाची मूलतत्त्वे आत्मसात करावीत.’ हे वाचून पोलीस पाटलाला नेमकं काय करायचं ते कळणार नाही. ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’, ‘डेथ सीन’, ‘इन्व्हेस्टिगेशन’ या तिन्हींना लोकांच्या तोंडातले शब्द हवेत. शिवाय ‘मयत’, ‘मृत’, ‘प्रेत’, ‘बॉडी’ यांतलं कुठे काय वापरावं?

शिवारवाट:
‘दृश्य’ आधी काढून टाका. ‘घटनास्थळ’ हा शब्द कागदोपत्रीही आहे आणि वर्तमानपत्रांमुळे घराघरात पोहोचलेलाही आहे. गावात नुसतं ‘जागा’ म्हणतात, ‘जागेचा पंचनामा’ हे तर पूर्वापार चालत आलेलं. बोलताना जागा, लिहिताना घटनास्थळ, एवढं पुरे.

‘अन्वेषण’ कायद्याच्या मराठीत पक्कं बसलेलं आहे, गुन्हे अन्वेषण विभाग वगैरे. तोंडात मात्र ‘तपास’. तरी तुमच्या टिपणात मी दोन्ही घेणार नाही, कारण तुमची माणसं तपास करणारच नाहीत. तपास पोलिसांचा, मरणाचं कारण डॉक्टरांचं. यांचं काम जागा राखण्याचं. शेताची राखण करणारा पिकाला हात लावत नाही. कोण आलं, कुठून शिरलं यावर नजर ठेवतो. तेच इथे. टिपणाचं नाव ‘घटनास्थळाची राखण’ ठेवा, अर्धं प्रशिक्षण नावातच होईल.

‘प्रथम प्रतिसादक’ आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदांत दिसतो. चुकीचा नाही, पण त्यातून माणूस डोळ्यांसमोर येत नाही. ‘सर्वात आधी पोहोचणारा’ असं सरळ लिहा. लांब वाटलं तर पहिल्या पानावर एकदा सांगून पुढे ‘पहिला माणूस’ म्हणा.

मयत आणि मृत: ‘मयत’ अरबीतून फारसीमार्गे आलेला आणि पोलिसी मराठीत मुरलेला. ‘मयताचे नाव’, ‘मयताचे अंगावरील कपडे’ असंच लिहितात. ‘मृतदेह’ सगळीकडे चालतो. ‘प्रेत’ जुन्या कागदांत सर्रास आहे, पण घरच्यांसमोर उच्चारू नये. ‘बॉडी’ तर मुळीच नको. त्यांच्यासमोर नाव घ्या, किंवा ‘काका’, ‘ताई’, जे नातं शोभेल ते.

वऱ्हाडची वाट:
आमच्याकडचा एक शब्द राहिला. पुण्यामुंबईकडे ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ म्हणतात, मुंबईत तर सरळ ‘एडीआर’ (अ‍ॅक्सिडेंटल डेथ रिपोर्ट). विदर्भात ‘मर्ग’. ‘पोलिसांनी मर्ग दाखल केला’ हे आमच्या पेपरात नेहमीचं. काही जणांना तो इंग्रजी शवागाराचा शब्द वाटतो. तसं नाही, फारसीत ‘मर्ग’ म्हणजे मरण. तुमच्या वर्गात नागपूर-अमरावतीकडून बदलून आलेलं कुणी असेल तर दोन्ही शब्द द्या, नाहीतर एकाच नोंदीला दोघे दोन वेगळ्या गोष्टी समजतील.

जुना हवालदार:
शब्दांची चर्चा चांगली चाललीय. पण नामांपेक्षा क्रियापदं जास्त घात करतात, हे पंचनामे लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो.

एक बाई भाजलेली आहे. पहिला माणूस चिठ्ठीत काय लिहितो? ‘जाळून घेतले’ लिहिलं की आत्महत्या झाली. ‘जाळले’ लिहिलं की खून झाला. ‘स्टोव्हचा भडका उडून भाजली’ लिहिलं की अपघात झाला. तीन क्रियापदं, तीन निकाल, आणि लिहिणाऱ्याने तर यातलं काहीच पाहिलेलं नसतं. त्याने पाहिलं ते इतकंच: ‘अंग भाजलेल्या स्थितीत स्वयंपाकघरात मिळून आली.’ मराठीत ‘भाजणे’, ‘पडणे’, ‘बुडणे’ अशी क्रियापदं आहेत, त्यांत करणारा सांगावा लागत नाही. पण तीही बेतानेच वापरा. ‘विहिरीत बुडून मेला’ यात बुडणं आलं, आणि बुडून मेला की मेल्यावर टाकला हे शवविच्छेदनाशिवाय कळत नाही. ‘विहिरीच्या पाण्यात तरंगत्या स्थितीत मिळून आला’ असं लिहा. ‘कड्यावरून पडला’ नको, ‘कड्याच्या पायथ्याशी उताणा मिळून आला’. आमच्या ‘मिळून आला’ची लोक थट्टा करतात. मला तो फार जपून घडवलेला शब्दप्रयोग वाटतो. जे डोळ्यांना दिसलं त्याच्या पुढे तो एक पाऊलही टाकत नाही.

बाईच्या लग्नाला 7 वर्षं झाली नसतील तर हा फरक अधिकच जड. अशा मरणाची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाते, म्हणून तिथे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार पंचनाम्याला येतात. पहिल्या चिठ्ठीवर ‘आत्महत्या’ किंवा ‘अपघात’ लिहून मोकळं झालेलं असलं की ते वाक्य पुढे प्रत्येक कागदात उतरत जातं. नंतर खोडायचं म्हटलं तर वकील विचारतो, आधी असं का लिहिलं होतं?

कलमांचं थोडक्यात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 194. त्यात शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृतदेहाची पाहणी करून जखमा, खुणा आणि मरणाचं दिसणारं कारण लिहायचं असतं. कायदासुद्धा ‘दिसणारं’ म्हणतो, हे लक्षात घ्या. अहवाल 24 तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो. याच नव्या संहितेच्या कलम 176 मध्ये आता असं आलंय की 7 वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने जागेवर जायचं. तो येतो तेव्हा जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे, आणि ते पोलीस पाटलाच्या हातात असतं. पाटलाची कामं सांगणारा महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम 1967 चा. पाटलाची ही जबाबदारी त्याहूनही जुनी, इंग्रजांच्या काळापासूनची.

आता मराठीकडे असलेले काही नेमके शब्द. ‘उताणा’, ‘पालथा’, ‘कुशीवर’: इतक्या थोडक्यात देह कसा होता ते कळतं. कुठली कूस, उजवी की डावी, ते जोडा. डोकं कुठल्या दिशेला, पाय कुठल्या दिशेला. आणि गाठ. फास असेल तर गाठ कधीही सोडायची नाही. जीव वाचण्याची शक्यता असेल तर खाली घ्यायलाच हवं, त्यात दुमत नाही, पण दोर गाठीपासून लांब कापायचा आणि कापलेली टोकं कुठली त्यावर खूण करायची. टिपणात ‘गाठ होती’ पुरत नाही. सुरगाठ होती, निरगाठ होती की सरकफास होता? खेड्यातल्या माणसाला हे शब्द शिकवावे लागत नाहीत, गुरं बांधणाऱ्याला ते रोजचे आहेत. शहरातल्या मुलांना दोरी हातात देऊन दाखवा.

आणखी एक शब्द फार नडतो: ‘वळ’. मेल्यानंतर काही तासांत रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं. उताण्या देहाच्या पाठीवर जांभळट पट्टे दिसतात, आणि जिथे पाठ जमिनीला टेकलेली असते तिथे फिकट राहतं. ज्याला माहीत नाही तो लिहितो ‘पाठीवर वळ’. वळ म्हणजे काठीचा, पट्ट्याचा मार. झालं, गावभर बोभाटा. ‘पाठीवर जांभळट डाग’ लिहा. मुंग्यांनी कुरतडलेली कातडीही खरचटल्यासारखी दिसते. तिथे ‘लालसर-तपकिरी खूण’ लिहा, मुंग्या दिसल्या तर ‘मुंग्या होत्या’ लिहा.

108वरची डॉक्टर:
हवालदार काकांचं पटलं. आमच्या बाजूचा एक शब्द, ज्याने प्रत्यक्ष उपचार चुकू शकतात: ‘औषध’.

गावात कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. ‘औषध मारलं’ म्हणजे फवारलं. ‘औषध पिला’ म्हणजे बहुतेक वेळा फवारणीचं. पण ‘औषध घेतलं’ म्हणजे काय? रक्तदाबाची गोळी की डब्यातलं विष? घाबरलेली बायको फोनवर एवढंच सांगते, ‘औषध घेतलं हो त्यांनी.’ शहरातून आलेला चालक गोळ्यांची पाकिटं शोधत बसतो. म्हणून टिपणात ठळक लिहा: ‘औषध’ ऐकलं की लगेच विचारा, पिकाचं की माणसाचं? डबा सापडला तर हुंगायचा नाही. हातमोजे घालून, झाकण लावून, लेबल दिसेल असा फोटो काढायचा आणि जिथे होता तिथेच ठेवायचा. माणूस जिवंत असेल आणि रुग्णालयात नेत असाल तर डॉक्टरांना लेबलावरचं नाव लागतं, तेव्हा फोटो सोबत न्या. अंगावर सांडलं असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका.

दुसरं, ‘मेलेला आहे’ हे कुणी म्हणायचं? डोकं धडावेगळं आहे किंवा देह कुजलेला आहे अशा वेळी प्रश्न नाही. एरवी डॉक्टर घोषित करेपर्यंत तो ‘निपचित पडलेला माणूस’ आहे आणि पहिलं काम त्याचा जीव वाचवणं. पुरावा जपण्यासाठी कुणी छाती दाबायला कचरलं असं व्हायला नको. कपडे कापावे लागले तर वाराच्या भोकातून कात्री घालू नका, बाजूने कापा, आणि कापलेले कपडे टाकून देऊ नका. आम्ही कुठली सुई टोचली तेही लिहून ठेवतो, नाहीतर शवविच्छेदनात ती खूण कशाची ते कळत नाही.

तिसरं, अंग ताठलं होतं का. ताठरपणा आधी जबड्यात, मानेत जाणवतो, मग हातापायांत उतरतो. उन्हाळ्यात लवकर येतो, लवकर जातो. त्यावरून ‘रात्री 2 वाजता मेला’ असं पहिल्या माणसाने ठरवू नये. ‘सकाळी 6:40 वाजता जबडा ताठ, गुडघे सैल’ एवढं लिहिलं तर शवविच्छेदन करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. घड्याळातली वेळ लिहा, ‘पहाटे’ किंवा ‘सकाळी सकाळी’ नको. खोलीतला पंखा चालू होता की बंद, तेही लिहा. देह किती लवकर थंड झाला असेल याचा हिशेब त्यावर बदलतो.

शिवारवाट:
ताई, बोललेले शब्द कसे लिहायचे त्याचंही सांगा. भाजलेली माणसं बऱ्याचदा शुद्धीवर असतात.

108वरची डॉक्टर:
हो, ते महत्त्वाचं. मरणाऱ्याने आपल्या मरणाच्या कारणाबद्दल जे सांगितलं ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 खाली पुरावा म्हणून येऊ शकतं. रीतसर जबाब दंडाधिकारी घेतात, डॉक्टर शुद्धीची खात्री देतात. पण वाटेत गाडीत भाजलेली बाई काही बोलली तर? जसंच्या तसं लिहा, तिच्या बोलीत. ‘म्या नाय, त्येनं’ असं म्हणाली तर ‘पतीने कृत्य केल्याचे सांगितले’ असं सुधारून लिहू नका. ‘त्येनं’ म्हणजे कोण ते तिने सांगितलेलं नाही. तुम्ही काय विचारलं होतं तेही लिहा, कारण ‘नवऱ्याने केलं का?’ विचारल्यावरचा ‘हो’ आणि ‘काय झालं?’ विचारल्यावरचं उत्तर सारखं नसतं.

वऱ्हाडची वाट:
सांडपाण्याच्या टाक्या आणि जुन्या विहिरी टिपणात घ्या. आत पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जिवाला मुकतो, असं पेपरात वारंवार येतं. तिथे ‘आत उतरू नका’ हे सर्वात वर हवं, पंचनाम्याच्या शब्दांच्याही आधी.

कोरा कागद:
सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा पूर्ण बदलतोय. नाव ‘घटनास्थळाची राखण’. पहिल्या पानावर आधी स्वतःचा जीव: गॅस, वीज, विहीर, टाकी. मग समोरच्याचा जीव. मग जागा. मागच्या बाजूला कोरा तक्ता, तीन रकाने: ‘मी काय पाहिलं’, ‘मी काय हलवलं आणि का’, ‘कोण काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत’. प्रत्येकापुढे वेळ. खाली दोन ओळींत नको आणि हवं: ‘गळफास घेतला’ नको, ‘गळ्याभोवती दोर, पाय जमिनीला टेकलेले’ हवं. ‘वळ’ नको, ‘डाग’ हवं. तक्त्यात कुठेच ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना ठेवलेला नाही, कारण रकाना असला की माणूस तो भरतोच. तक्त्यावर सही करणाऱ्याला ‘खबर देणार’ म्हणू का?

जुना हवालदार:
नको. ‘खबर देणार’ म्हणजे ठाण्यात येऊन कळवणारा. गुन्हा असेल तर ‘फिर्यादी’, अकस्मात मृत्यूत ‘खबर देणार’. देह ज्याने आधी पाहिला तो वेगळा असू शकतो. गुराख्याने पाहिलं, त्याने सरपंचाला सांगितलं, सरपंचाने पाटलाला, पाटलाने फोन केला. ठाण्याच्या कागदावर खबर देणार पाटील होतो आणि गुराख्याचं नाव राहून जातं, आणि नेमका त्यालाच ठाऊक असतं की दार आधी उघडं होतं की आतून कडी होती. म्हणून चौथा रकाना करा: ‘माझ्या आधी इथे कोण होतं’. सहीच्या जागी नुसतं ‘पाहणाऱ्याचे नाव व सही’.