मॅडलीन नक्की जागी कधी होते? (कीट्सची ‘द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस’)

रातपाळी_लालबाग

नमस्कार मंडळी. मी परळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं झाली. राहून गेलेलं इंग्रजीचं एम.ए. आता दूरशिक्षणातून करतेय. अभ्यास होतो तो रातपाळीत दोन ते चारच्या मध्ये, वॉर्ड शांत असला तर. कीट्स या इंग्रज कवीच्या या कवितेवर पंधरा मार्कांचा प्रश्न हमखास येतो, ‘स्वप्न आणि वास्तव’. गाइडमधलं उत्तर पाठ आहे. पण ते लिहायला हात धजत नाही, म्हणून इथे विचारतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. २० जानेवारीची रात्र, हाडं गोठवणारी थंडी. समजूत अशी की त्या रात्री कुमारिकेनं काही न खाता, मागे वळून न बघता, उताणं झोपायचं, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात येतो. मॅडलीन तसं करते. तिचं मन पॉर्फिरोवर आहे, पण त्याच्या घराण्याशी तिच्या घरच्यांचं हाडवैर. तो जीव मुठीत धरून त्या गढीत शिरतो. अँजेला नावाची म्हातारी दाई त्याला मॅडलीनच्या खोलीत लपवते. ती येते, प्रार्थना करते, दागिने काढते, झोपते. तो बाहेर येतो, उशाशी मेजवानी मांडतो: पाकवलेलं सफरचंद, आलुबुखार, दालचिनीचा वास असलेलं सरबत, फेझचे खजूर. मग तिचीच वीणा घेऊन वाजवतो. ती डोळे उघडते.

इथून पुढे माझं अडलंय. डोळे उघडे आहेत, पण तिला दिसतंय अजून स्वप्नच. समोरचा खराखुरा माणूस तिला फिकट, गारठलेला, उदास वाटतो. ती रडते, म्हणते, मघाचा तो आवाज मला परत दे. ३६व्या कडव्यात तो तिच्या स्वप्नात विरघळतो, गुलाबाचा गंध दुसऱ्या फुलाच्या गंधात मिसळावा तसा. आणि ३७व्या कडव्यात, बाहेर गारा खिडकीवर आपटायला लागल्यावर, तो तिला सांगतो की हे स्वप्न नाही.

आधी नाही सांगितलं. नंतर सांगितलं.

गाइड म्हणतं, ‘येथे स्वप्न व वास्तव यांचे मनोहर मीलन होते.’ मी रोज माणसं गुंगीतून बाहेर येताना बघते. डोळे उघडतात, आपल्याकडे बघतात, ‘हो सिस्टर’ म्हणतातसुद्धा. ते जागं होणं नसतं. आम्ही नाव विचारतो, कुठे आहात विचारतो, आज वार कोणता विचारतो. तिन्ही नीट सांगेपर्यंत त्या माणसाची कशावरही सही घ्यायची नाही, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं आणि मी आता नव्या मुलींना शिकवते. मग मॅडलीनचं काय?

अजून एक मनात आहे. आमच्या चाळीत हरतालिकेला आम्ही मुली वाळूची पिंड करायचो, पाणीसुद्धा प्यायचो नाही, आणि रात्रभर जागायचो. झिम्मा, फुगड्या, कुणी पेंगलं की दुसरी चिमटा काढायची. तोच उपास, तीच चांगल्या नवऱ्याची इच्छा. पण आपल्याकडे जागायचं आणि तिकडे झोपायचं. हे सुचल्यापासून कविता डोक्यातून जात नाहीये.

कविता मला फार आवडते, हेही सांगते. तिनं गळ्यातले दागिने काढले तेव्हा ते अंगाच्या उबेनं कोमट झालेले होते, असं कीट्सनं लिहिलंय. त्या एका शब्दासाठी मी हा पेपर घेतला. म्हणूनच विचारतेय. याला प्रेम म्हणायचं का?

पार्ल्याचे_मास्तर

ताई, गाइड बाजूला ठेवलंत ते उत्तम केलंत. ही कविता मी कॉलेजात ३१ वर्षं शिकवली. मला जे माहीत आहे ते मांडतो.

पहिली गोष्ट पॉर्फिरोच्या बाजूनं. ३१वं कडवं पुन्हा वाचा. वीणेला हात लावण्याआधी तो तिला जागं करायला बघतो. ‘ऊठ, डोळे उघड’ असं स्पष्ट म्हणतो. ती उठत नाही. तिची झोप गोठलेल्या ओढ्यासारखी आहे, वितळत नाही, असं कवी लिहितो. त्याला ती झोपेतच हवी असती तर उठवायला गेला नसता.

दुसरी गोष्ट त्याच्या विरोधात. अँजेलापुढे तो जे मांडतो त्याला कवीनं स्वतः वापरलेला शब्द आहे ‘स्ट्रॅटजेम’, म्हणजे डाव. ती ऐकून दचकते, त्याला क्रूर म्हणते, तयार होत नाही. तेव्हा तो मी आत्ता ओरडून शत्रूंना उठवतो अशी धमकी देतो. शेवटी म्हातारी अट घालते: लग्न केलंच पाहिजे, नाहीतर मला मेल्यावरही गती मिळू नये. १९६१ साली जॅक स्टिलिंजर या अमेरिकन अभ्यासकानं नेमकं हेच धरून लेख लिहिला. तोवर बहुतेकांना ही निर्मळ प्रेमकथा वाटायची. तुमची शंका तिथे आहे, फक्त तुमच्याकडे ती वॉर्डातून आली. स्टिलिंजर मॅडलीनलाही सोडत नाही. त्या समजुतीच्या नादानं तिनं स्वतःच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली होती, असं त्याचं म्हणणं. आठव्या कडव्यात तसा शब्दही आहे.

तिसरी गोष्ट वर्गात सांगितली की मुलं ताठ बसायची. कीट्सनं कविता लिहिली १८१९च्या जानेवारी-फेब्रुवारीत. धाकटा भाऊ टॉम डिसेंबरच्या १ तारखेला क्षयानं गेला होता. वय १९. सप्टेंबरमध्ये त्यानं ती पुन्हा हातात घेतली आणि ३६व्या कडव्यातली धूसरता काढून काय घडलं ते उघड केलं. त्याचा मित्र रिचर्ड वुडहाउस घाबरला. त्यानं प्रकाशक जॉन टेलरला पत्र लिहिलं की आता ही स्त्रियांच्या हाती देण्याजोगी राहिली नाही. टेलरनंही छापायला नकार दिला. १८२०च्या पुस्तकात आलं ते सौम्य रूप, तेच आपण वाचतो. त्या पत्रात वुडहाउसनं नोंदवलंय की कीट्सचं म्हणणं, माझी कविता स्त्रियांनी वाचावी असं मला वाटतच नाही, मी पुरुषांसाठी लिहितो.

म्हणजे ‘विरघळणं’ धूसर आहे ते कवीला तसंच हवं होतं म्हणून नाही. उत्तरात हे लिहा, गाइडमध्ये नसेल.

काचकाम

मी कवितेतला माणूस नाही. जुन्या इमारतींच्या रंगीत काचा उतरवून साफ करणं, शिशाच्या पट्ट्या बदलणं हे माझं काम. बायको हे पान वाचत होती, तिनं खिडकीचं कडवं वाचून दाखवलं, म्हणून लिहितोय.

त्यात चंद्राचा उजेड रंगीत काचेतून येतो आणि मॅडलीनच्या छातीवर लाल पडतो, हातांवर गुलाबी, गळ्यातल्या क्रूसावर जांभळा. असं होत नाही. एका चर्चच्या कामावर आम्ही रात्री थांबलो होतो, वीज गेली होती, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस. फरशीवर खिडकीचा आकार पडला होता, पण राखाडी. कमीजास्त राखाडी, बस. लाल काच तर सगळ्यांत काळी दिसत होती. चांदण्याला तेवढा जोर नसतो आणि मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, लाल तर सगळ्यांत आधी जातो. फोर्टला विद्यापीठाच्या लायब्ररीत रंगीत काचा आहेत, दुपारी उन्हात जाऊन बघा, मग रात्रीची कल्पना करा.

कवीला हे माहीत नव्हतं की त्यानं मुद्दाम केलं, मला सांगता येत नाही. पण ते रंग बघतोय कोण? ती तर प्रार्थनेत आहे. लपून बघणारा तोच आहे. म्हणजे ती झोपायच्याही आधी हा जागेपणी स्वप्नात गेलेला आहे. हिला उठवणार कोण, हा स्वतःच उठलेला नाही.

पार्ल्याचे_मास्तर

वा. हे मी वर्गात सांगायला हवं होतं.

माटुंगा_एसवायबीए

ताई, तुमचं हरतालिकेचं वाचून मला उषा-अनिरुद्ध आठवले. आजी सांगायची, नंतर भागवताच्या दशम स्कंधात वाचलं. बाणासुराची मुलगी उषा. तिच्या स्वप्नात एक पुरुष येतो, जो तिनं कधी पाहिलेला नाही. ती ‘कुठे गेलास’ म्हणत मैत्रिणींमध्येच जागी होते. मैत्रीण चित्रलेखा म्हणते, मी चित्रं काढते, तू ओळख. देव काढते, गंधर्व काढते, मग यादव. अनिरुद्धाच्या वडिलांचं, प्रद्युम्नाचं चित्र आलं तशी उषा लाजते. अनिरुद्धाचं आल्यावर मान खाली घालते आणि म्हणते, हाच. मग चित्रलेखा योगबळानं द्वारकेला जाते आणि त्याला झोपेत पलंगावरून उचलून शोणितपुराला आणते.

इथे स्वप्न बघणारी आधी पूर्ण जागी होते, मग शोध सुरू होतो. एकेक चित्र नाकारत, दिवसाउजेडी. मॅडलीनला तो मधला वेळच मिळत नाही. तिचं स्वप्न संपायच्या आत माणूस हजर.

पण तुमच्या नियमानं बघितलं तर आपल्या गोष्टीत झोपेत नेला जातो तो मुलगा! अनिरुद्धाला कुणी विचारलं? आजीला मी हे विचारलं होतं, ती म्हणाली, तो जागा झाल्यावर कुठे पळून गेला? मला ते उत्तर तेव्हा पटलं होतं. आता नाही पटत, आणि पॉर्फिरोलाही ते लागू करू नये असं वाटतं. ‘ती नंतर त्याच्याबरोबर गेली, म्हणजे सगळं ठीक’ असं आमच्या वर्गातही बरेच जण म्हणाले होते.

रातपाळी_लालबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहाटे चार वाजता, राउंड संपल्यावर, ३१पासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं. जवळ पेन्सिल होती.

सर, ३१ मान्य. त्यानं उठवायचा प्रयत्न केला. पण त्यामुळे मला उलट वाटतं की ती उठत नाहीये हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

मग मी फक्त तिची वाक्यं शोधली. डोळे उघडल्यावर ती ३५मध्ये बोलते, ते मी अर्धवट गुंगीतलं धरते. हे स्वप्न नाही असं त्यानं सांगितल्यावर ३७मध्ये बोलते. ‘स्वप्न नाही, हाय हाय’, तू मला इथे झुरायला सोडून जाशील, कुणी दगाबाजानं तुला इथे आणलं? आणि मग स्वतःसाठी शब्द वापरते: फसवली गेलेली. शाप देत नाही, माझं मन तुझ्यातच हरवलंय असंही म्हणते, पण शब्द तोच. माझे तीन प्रश्न विचारले असते तर इथे तिनं तिन्हींची बरोबर उत्तरं दिली असती. कीट्स गाइज हॉस्पिटलात शिकला होता. माणूस ग्लानीतून कसा वर येतो ते त्यानं जवळून बघितलं असणार, अशी पायरी-पायरीनं तिची जाग लिहिली आहे.

आणि यावर पॉर्फिरो काय म्हणतो? ३८मध्ये: माझ्या मॅडलीन, गोड स्वप्नाळू मुली, सुंदर वधू. ती म्हणतेय मी फसले, तो म्हणतोय तू स्वप्न बघतेस. काचकामवाले दादा, तुमचं खरं आहे, तो अजून त्या रंगातच आहे.

पुढे तो तिला ऊठ म्हणतो, दक्षिणेकडच्या माळांपलीकडे तुझ्यासाठी घर आहे म्हणतो. ती घाबरलेली, त्याच्या शब्दांसरशी निघते. दारात पहारेकरी झोपलाय, शेजारी मोठा शिकारी कुत्रा. तो उठतो, अंग झटकतो आणि भुंकत नाही, कारण घरचं माणूस ओळखतो. पॉर्फिरोला कुत्रा कसा ओळखेल? मॅडलीनला ओळखतो. म्हणजे त्या गढीतून सुखरूप बाहेर काढते ती मॅडलीन. यावर मी उत्तरात अर्धं पान लिहिणार आहे. प्रेम आहे का, तर तिच्याकडून आहे, उघड्या डोळ्यांनी, भीतीसकट. त्याच्याकडून आहे की नाही हे ३६ आणि ३७चा क्रम उलटा असता तर मला सांगता आलं असतं.

एक मात्र सरांना विचारायचं आहे. ‘फसवली गेलेली’ या शब्दानंतर शेवटपर्यंत मॅडलीनच्या तोंडी मला एकही वाक्य सापडलं नाही. ३८ ते ४२, पाच कडवी. मी काही गाळलं का?

पार्ल्याचे_मास्तर

पुस्तक काढून आत्ताच पाहिलं. काही गाळलेलं नाही ताई. पाचही कडव्यांत ती बोलत नाही. ३१ वर्षांत मी हे मोजलं नव्हतं.