जॅकी कूगनची गोष्ट आणि आमच्या घरातला वाद : पोरानं कमावलेला पैसा कुणाचा?

सातारकर_मामा
मंडळी, विषय घरातला आहे पण सुरुवात लांबून करतो. मागच्या रविवारी भाचीला शेजारी बसवून चॅप्लिनचा 'द किड' बघितला. १९२१ चा मुका सिनेमा, पण अनाथाश्रमवाले त्या पोराला उचलून गाडीत टाकतात आणि ते हात पसरून रडतं, तिथं भाचीनं माझा दंड जो धरला तो चॅप्लिन छपरांवरनं पळत येऊन पोराला सोडवेपर्यंत सोडला नाही. ते पोरगं म्हणजे जॅकी कूगन, शूटिंगच्या वेळी पाचेक वर्षांचं.

मग त्याच्याबद्दल वाचत बसलो आणि झोपच उडाली. लहानपणी त्यानं तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे, त्या काळचे डॉलर बरं का. हातखर्चाला मिळायचे आठवड्याला सव्वासहा. १९३५ च्या मे महिन्यात अपघातात वडील गेले, गाडीतला हा एकटाच वाचला, ऑक्टोबरात २१ पूर्ण झाली तरी पैसा काही हातात येईना. आईनं मॅनेजरशी लग्न केलेलं, फर कोट, हिरे, गाड्या यात सगळं गेलेलं. १९३८ ला त्यानं आईवर आणि सावत्र बापावर केस केली, शेवटी हाती आले १,२६,००० डॉलर. तिथला तेव्हाचा कायदाच असा की अल्पवयीन मुलाची कमाई आईबापाची. लोक खवळले म्हणून १९३९ ला कॅलिफोर्नियात कूगनच्याच नावानं ओळखला जाणारा कायदा आला, मुलाच्या कमाईतला वाटा बाजूला ठेवायचा असा. ज्याच्यामुळं कायदा झाला त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता घरचं. भाची ९ वर्षांची, गेलं वर्षभर वाईकडं एका सिरियलमधी काम करतीय. चांगलं करतीय. पण तिचा पैसा ताई आणि दाजींनी वरच्या मजल्याच्या स्लॅबला घातला. मी बोललो तर दाजी म्हणाले, घर तिचंच आहे की. माझं म्हणणं, जाण्यायेण्याचा खर्च वजा करून उरलेला पै न् पै तिच्या नावावर पाहिजे आणि हिशोबाची वही तिला १८ व्या वर्षी दाखवता आली पाहिजे. मी चुकतोय का सांगा.

सांगलीचा_नाट्यवेडा
मामा, राग मानू नका पण मला तुमचं पटलं नाही. कूगनच्या आईनं हिरे घेतले, तुमच्या ताईनं स्लॅब टाकला, दोन्ही एका तागडीत कसं घालता तुम्ही?

आमच्या सांगलीचंच घ्या. लतादीदींचं लहानपण इथं गेलं, वडिलांच्या नाटकांत त्या पोरवयात उभ्या राहिल्या. २४ एप्रिल १९४२ ला मास्टर दीनानाथ गेले तेव्हा दीदी १२ वर्षांच्या, मागं आई आणि चार लहान भावंडं. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' मधी काम केलं, मग मास्टर विनायकांकडं 'माझं बाळ', 'गजाभाऊ'. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढं उभं राहणं त्यांना आवडत नव्हतं हे त्यांनी स्वतः सांगितलंय, तरी केलं, कारण घर चालवायचं होतं. त्या पैशाचं धान्य आणलं म्हणून माईंना कुणी दोष देईल का? आपल्याकडं घर म्हणजे एक चूल. पोरगं कमावतंय तर ते चुलीत येणार, बाप कमावतोय तेही चुलीतच येणार. माझं तुझं वेगळं करायची सवय पोरांना नवव्या वर्षी लावली तर पुढं म्हातारपणी आईबापानं काय मागायचं?

वाई_लोकेशन
मी शूटिंगच्या लाइनीतच आहे, मेणवली घाट, वाई, आसपासची गावं, ११ वर्षं झाली. दोघांनाही एक सांगतो, कायदा आपल्याकडंही आहे. २०१६ ला बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमात १४ खालच्या कलाकारांसाठी वेगळं कलमच आहे. ज्या जिल्ह्यात शूटिंग तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी प्रॉडक्शननं घ्यायची, दिवसात ५ तासांच्या वर काम नाही, सलग ३ तासांच्या वर नाही, २७ दिवसांच्या वर सलग काम नाही, शाळा बुडू द्यायची नाही. आणि मिळकतीतले कमीत कमी २० टक्के थेट मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स डिपॉझिटमधी (एफडी), ते सज्ञान झाल्यावर त्याला.

म्हणजे मामा, दाजींनी ८० टक्के स्लॅबला घातले असतील तर कायद्यानं गुन्हा नाही. पण २० टक्के गेले का खात्यावर ते बघा. पेमेंट नव्वद नव्वद दिवसांनी येतं, कोऑर्डिनेटरचं कमिशन कापून येतं, त्यात ही एफडीची गोष्ट आईबापांना कुणी सांगतच नाही. मी सेटवर पोरं रात्री ११ ला खुर्चीत पेंगताना बघितलीत, पॅक अप होईना म्हणून. माझ्यासाठी पैशाच्या आधी तो प्रश्न आहे.

मिरजेच्या_बाई
मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, नाव सांगत नाही. शूटिंगमुळं चाचण्या बुडायच्या, आल्यावर बाकीच्या मुली तिला सिरियलमधल्या नावानं हाक मारायच्या आणि ती ओ द्यायची. पुढं उंची वाढली, चेहरा बदलला, काम थांबलं. सातवीत होती तेव्हा. तिनं मला विचारलं, बाई मी काय चुकले? त्या पोरीला बँकेतल्या पैशानं काय झालं असतं मला माहीत नाही, पण निदान काम संपलं म्हणजे आपण संपलो नाही हे दिसायला काहीतरी हातात असतं. मी मामांच्या बाजूनं आहे.

भावा_सगळे_असे_नसतात
बाई, पण सचिन पिळगांवकर बघा की. 'हा माझा मार्ग एकला' मधी एवढुसा होता, पुढं हिंदीत हिरो झाला, मग 'अशी ही बनवाबनवी' काढला, १९८८ चा पिक्चर अजून घराघरात पाठ आहे. लहानपणी सेटवर गेला म्हणूनच शिकला ना सगळं? तुमच्या ऐकण्यानं चाललं असतं तर तो घरीच बसला असता.

मिरजेच्या_बाई
घरी बसवा असं मी कुठं म्हटलं? एका सचिनच्या मागं किती मुलं दुसऱ्या वर्षी विसरली गेली ती मोजायला कुणी बसत नाही, म्हणून आपल्याला सचिनच दिसतो.

अपशिंगेकर
कूगनबद्दल एक भर घालतो, आमच्या गावाला जवळची वाटेल म्हणून. केस संपल्यावर हा गडी रडत बसला नाही. दुसऱ्या महायुद्धात ग्लायडर पायलट झाला आणि मार्च १९४४ मधी आसामातनं उडून ब्रह्मदेशात जपान्यांच्या मागं सैनिक उतरवले, त्यात तो होता. इंजिन नसलेलं विमान, रात्रीचं, जंगलातल्या मोकळ्या पट्ट्यावर. आमच्या आज्ज्याच्या पिढीतले बरेच जण त्याच ब्रह्मदेशात लढत होते. परत आल्यावर वीसेक वर्षांनी टक्कल करून 'ॲडम्स फॅमिली' या अमेरिकन टीव्ही मालिकेतला अंकल फेस्टर केला, १९६४ ते ६६. पैसा बुडाला तरी माणूस बुडत नाही, हेही लिहा की मामा.

सातारकर_मामा
अपशिंगेकर, हे मला माहीत नव्हतं, वाचून उर भरून आला. पण त्यानं निभावलं हे त्याचं मोठेपण, लुटणाऱ्यांचं नाही.

नाट्यवेडा, तुमचा दीदींचा दाखला मी दोन दिवस डोक्यात घोळवला. फरक मला इथं वाटतो : १२ वर्षांच्या दीदींना माहीत होतं पैसा कशाला चाललाय, भावंडं डोळ्यापुढं होती. कूगनला कळलंच नाही. आमच्या भाचीलाही माहीत नाही, काल विचारलं तर म्हणाली, मला कुठं पैसे मिळतात, मला तर चॉकलेट मिळतं सेटवर. घरात अडचण असती तर मी शब्द काढला नसता. दाजींचा पगार चांगला आहे. स्लॅब दोन वर्षांनी पडला असता तरी चाललं असतं.

सांगलीचा_नाट्यवेडा
चॉकलेटचं वाचून मी जरा थांबलो, खरं सांगतो. तिला सांगायला पाहिजे होतं, एवढं मान्य. पण पै न् पै वेगळं ठेवा याला मी अजून तयार नाही. तिची आई रोज सकाळी सहाला तिला घेऊन निघते, तिच्या वर्षाचा हिशोब तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिणार?

सातारकर_मामा
ताईनं शिवणाचं काम बंद केलंय तिच्यासाठी. ते मी धरलंच नव्हतं. ते लिहायला पाहिजे, बरोबर.

वाई_लोकेशन
मामा, आधी अ‍ॅग्रीमेंट आणि एफडीची पावती मागा प्रॉडक्शनकडं. तोंडी नको, लेखी. नाही दिली तर कलेक्टर ऑफिसला परवानगीची कॉपी मागायचा अर्ज कसा करायचा ते मी सांगतो, या वाईला.